पाऊस नाही, डाग नाही

आमच्या घरात घड्याळापेक्षा सूर्याची सत्ता मोठी. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हा नेम माहेरी होता, सासरीही तोच. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात, बेळगावात सहाच्या सुमारास दिवस बुडायला लागला की माझी स्वयंपाकघरात धांदल उडते, आणि मे महिन्यात पावणेसातपर्यंत कसं निवांत असतं. इतकी वर्षं मी सूर्याकडे पाहत आले ते एवढ्याचसाठी, की तो जातो किती वाजता. तो दिसतो कसा, हे बघायची वेळ आली २०२४ च्या अक्षय तृतीयेनंतर.

अक्षय तृतीया त्या वर्षी १० मे रोजी होती, शुक्रवारी. देवळात उसाचा रस झाला, गप्पा झाल्या, घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर निरोपांचा पाऊस. 'सूर्यावर स्फोट झाला आहे, घातक किरणं येत आहेत, मोबाईल उशाशी ठेवू नका, सगळ्यांना कळवा.' एका वन्संनी तर फ्रिजसुद्धा बंद करून ठेवला होता. मी पुतण्याला विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे. हसला आणि म्हणाला, "काकू, मोबाईलला काही होत नाही. पण सूर्यावर डाग मात्र पडलाय. बघायचाय?"

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला आणलेले चष्मे त्याने कपाटातून काढले. दिव्यासमोर धरून कुठे ओरखडा, भोक नाही ना ते तपासलं, मग मला दिला. (तसल्या चष्म्याशिवाय सूर्याकडे बघायचं नाही हं, मुलांनाही बघू द्यायचं नाही.) गच्चीवर उभी राहून पाहिलं. नारिंगी गोल, आणि त्याच्या कडेकडे सरकलेला एक काळा ठिपका. भाकरीवर एखादा तीळ चिकटून राहावा तसा. पुतण्या म्हणाला, "तो तीळ आपल्या पृथ्वीच्या कितीतरी पट रुंद आहे. रात्री लडाखात हानलेला त्याच्यामुळे आकाश लाल झालं होतं."

मला प्रश्न पडला तो वेगळाच. हे डाग मोजायचं काम पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? आणि रोज मोजत बसायला वेळ कुणाला होता? मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली, विज्ञान माझा विषय नव्हे. पण प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

डाग दिसल्याच्या नोंदी फार जुन्या आहेत. चीनमध्ये इसवी सनापूर्वी २८ या वर्षी सूर्याच्या मध्यभागी नाण्याएवढी काळी वाफ दिसल्याचं दरबारी लोकांनी लिहून ठेवलं आहे. उगवता सूर्य धुळीतून, धुक्यातून सौम्य दिसतो, तेव्हा मोठा डाग दिसून जाई. इंग्लंडमध्ये वूस्टर इथल्या जॉन नावाच्या ख्रिस्ती साधूने ८ डिसेंबर ११२८ ला सूर्यावरचे दोन डाग पाहून त्यांचं चित्र काढलं. आणि गंमत बघा, त्यानंतर पाचच दिवसांनी तिकडे कोरियात रात्री आकाश तांबडं झाल्याची नोंद आहे. या दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायला आठ-नऊशे वर्षं जावी लागली.

दुर्बीण आली आणि १६१० ते १६१२ या दोन-तीन वर्षांत चार ठिकाणी चार जणांनी डाग पाहिले. इंग्लंडमध्ये हॅरियट, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर योहान फाब्रिसियस, इंगोलश्टाटला शायनर नावाचा पाद्री, आणि इटलीत गॅलिलिओ. फाब्रिसियसने १६११ मध्ये सगळ्यांच्या आधी पुस्तक छापलं, पण नाव झालं ते गॅलिलिओ आणि शायनर यांच्या भांडणाचं. सूर्य हा निष्कलंक, त्याला डाग कसे असतील, म्हणून शायनर म्हणाला, हे सूर्यासमोरून जाणारे लहान लहान ग्रह असणार. गॅलिलिओने रोज एक चित्र काढलं. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची आणि डाग जिथे दिसेल तिथे पेनाने टिपायचा. अशी ओळीने चित्रं ठेवल्यावर दिसलं की डाग कडेला गेले की अरुंद होतात, आकार बदलतात, मधेच विरून जातात. म्हणजे ते सूर्यावरच आहेत, आणि सूर्य स्वतःभोवती सुमारे महिन्याभरात फिरतो. पुढे शायनरनेही हे मान्य केलं आणि वर्षानुवर्षं सूर्य पाहून १६३० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथातल्या वादापेक्षा त्यातली चित्रं आज जास्त कामाला येतात.

डाग काळा का, तेही सांगते. तो खरं तर काळा नाहीच. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला, डाग त्यापेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड. भर दुपारच्या उन्हात समई लावली तर तिची ज्योत फिकी दिसते ना, तसं. तो थंड राहतो कारण तिथे चुंबकत्व फार जोरात असतं आणि खालून येणारी उष्णता ते अडवून धरतं. हे चुंबकत्व १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी शोधलं. पण त्याच्या कितीतरी आधी एका औषधविक्याने मोठं काम करून ठेवलं होतं.

जर्मनीत देसाऊ नावाचं गाव आहे. तिथे हाइनरिश श्वाबं नावाचा माणूस औषधाचं दुकान चालवायचा. बुधाच्याही अलीकडे, सूर्याच्या अगदी जवळ एखादा ग्रह लपला असेल आणि तो सूर्यासमोरून जाताना ठिपका दिसेल, अशी त्याला आशा होती. डागाला ग्रह समजायला नको, म्हणून तो रोज डागही टिपायला लागला. १८२६ पासून, ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी. दुकान विकलं तरी हे काम सोडलं नाही. ग्रह काही सापडला नाही, कारण तिथे ग्रह नव्हताच. सतरा-अठरा वर्षांनी त्याने वह्या उघडून बेरजा केल्या. त्याच्या तक्त्यात एक रकाना मला फार आवडला. वर्षात किती दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता, त्याचा तो रकाना. १८२८ मध्ये असे दिवस शून्य. १८३३ मध्ये १३९. १८३७ मध्ये पुन्हा शून्य. १८४३ मध्ये १४९. म्हणजे साधारण दहा वर्षांनी सूर्याला भरती आणि ओहोटी येते. हे त्याने अगदी छोट्या टिपणात छापलं आणि कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे हुम्बोल्ट यांच्या गाजलेल्या ग्रंथात तो तक्ता आला, तेव्हा लोक जागे झाले. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. त्याच सुमाराला झुरिकच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी जुन्या नोंदी गोळा करून हे चक्र सरासरी अकरा वर्षांचं ठरवलं. सध्या चालू आहे ते त्यांच्या मोजणीतलं पंचविसावं, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं.

श्वाबंबद्दल वाचताना मला सासूबाई आठवल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या रोज बारीक अक्षरात काहीतरी लिहायच्या. दूध किती, कामवाली आली की नाही, कोण पाहुणे आले आणि पावसाचं. 'पाऊस आला.' 'भुरभुर.' आणि जूनमध्ये ओढ लागली की ओळीने आठ-आठ दिवस 'पाऊस नाही', 'पाऊस नाही.' मी नवी नवरी. एकदा हसून म्हटलं, "अहो आई, नाही आला तर लिहायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "न्हाई आला हे कुणी सांगायचं मग? कोरं ठेवलं तर वाटेल की बघितलंच न्हाई." हे उत्तर मला तेव्हा नुसतंच खमंग वाटलं होतं.

आता १८५९ साल. इंग्लंडमध्ये रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ रोजच्यासारखा डागांचं चित्र काढत होता. १ सप्टेंबर, सकाळचे सव्वाअकरा होऊन गेलेले. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर अचानक पांढऱ्या लख्ख प्रकाशाचे दोन तुकडे चमकले. साक्षीला कुणाला तरी बोलवावं म्हणून तो धावत गेला आणि मिनिटभरात परत आला, तोवर ते विझत आले होते. नशीब असं की त्याच वेळी हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका हौशी माणसानेही ते दुसरीकडून पाहिलं होतं.

सतरा-अठरा तासांनी पृथ्वी हादरली. हादरली म्हणजे भूकंप नव्हे. पृथ्वी हेच एक मोठं चुंबक आहे, त्याला धक्का बसला. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा ढग त्याच्यावर आदळला. शाळेत तारेच्या वेटोळ्यापाशी चुंबक हलवला की वीज निर्माण होते हे दाखवायचे, आठवतं? तसंच झालं, फक्त चुंबक पृथ्वीएवढा आणि तारा शेकडो मैलांच्या. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या आकाशातल्या विजेवर दोनेक तास एकमेकांना तारा पाठवल्या. ध्रुवाजवळच दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत खाली दिसला. रॉकी पर्वतात सोनं शोधणारे मजूर मध्यरात्री उजाडलं समजून उठले आणि न्याहारीच्या तयारीला लागले म्हणे. घरोघरच्या बायकांना हा गोंधळ लगेच समजेल.

या कथेत आपल्या मुंबईचा भाग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा बांधली होती, आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. सुई पाहायची, आकडा वहीत लिहायचा, ठरल्या वेळी पुन्हा पाहायची. सुई अस्वस्थ झाली की जास्त वेळा पाहायची. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी हे काम करणाऱ्यांनी वेळ चुकवली नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची आडवी ताकद सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याचं त्या वहीत आलं. एरवीच्या वादळात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी ती कुलाब्याची नोंद काढली आणि त्या वादळाची ताकद केवढी असेल त्याचा हिशेब तिच्या आधाराने मांडला. त्यात मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लोकही होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेने सुया बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवायला सुरुवात झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, नवा आकडा जुन्याशी जुळवून घेतला आणि मगच कुलाबा बंद केलं. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी जवळजवळ साठ वर्षांचे आकडे १९१० मध्ये छापूनही ठेवले. घर बदलताना हिशेबाची साखळी तुटू न देणं म्हणतात ते हे.

आणि कॅरिंग्टन? स्वतःच्या डोळ्यांनी चमक पाहिली, लगोलग वादळही झालं, तरी एवढ्या एका गोष्टीवरून दोहोंचा संबंध आहे असं म्हणायला तो तयार झाला नाही. घाई नको, असंच त्याने सांगितलं. त्याचा संशय खरा होता, तरी तो थांबला.

सगळेच असे थांबले नाहीत. सूर्यावर अकरा वर्षांचं चक्र आहे म्हटल्यावर जगात जे काही वर-खाली होतं ते सगळं त्याला टांगायची चढाओढ लागली. विल्यम हर्शेल यांनी १८०१ मध्येच गव्हाच्या भावाचा संबंध डागांशी लावून पाहिला होता आणि लोकांचं हसू ओढवून घेतलं होतं. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने व्यापारातली मंदी सूर्याला चिकटवली. पण मला बोचलं ते दुष्काळाचं प्रकरण, कारण ते आपल्या दाराशी येतं.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ, धाता संवत्सरात सुरू झालेला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यातले सोलापूर, विजापूरकडचा कलादगी, धारवाड आणि आपला बेळगाव जिल्हा. पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली. याच काळात, १८७७ मध्ये, सूर्याचे अभ्यासक नॉर्मन लॉकियर आणि हिंदुस्थान सरकारचे आकडेवारीचे प्रमुख विल्यम हंटर यांनी लंडनच्या मासिकात लेख लिहिला. सूर्यावरचे डाग कमी होतात तेव्हा मद्रासकडे पाऊस कमी पडतो आणि दुष्काळ येतो, असं त्यांचं म्हणणं. हेतू वाईट नव्हता. दुष्काळ आधी कळला तर तयारी करता येईल, हा विचार त्यात होता. पण त्याच १८७७ च्या सुरुवातीला सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली होती. सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे आपल्या मापाने अर्धा किलोही नाही, आणि समोर खडी फोडायचं काम. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. धान्याची जहाजं मात्र परदेशी जातच होती. पाऊस न पडणं हे आकाशाच्या हातात, पण कोठीतलं धान्य कुणाला मिळणार हे माणसाच्या हातात. सूर्याकडे बोट दाखवलं की कोठीकडे बघणारी नजर आपोआप वर जाते.

ते समीकरण टिकलंही नाही. १९०४ पासून हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर गणिती होते. त्यांनी ठिकठिकाणचा पाऊस आणि डाग यांचे आकडे शेजारी मांडून पाहिले. संबंध इतका लेचापेचा निघाला की त्यावर पावसाचा अंदाज बांधता येईना. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा सूर्य डागांनी भरलेला होता. आपल्याला आठवणारा १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा सूर्य धड भरतीला नव्हता, धड ओहोटीला नव्हता. वॉकरना शोधताना मिळालं ते वेगळंच. प्रशांत महासागरावरच्या हवेचा दाब आणि आपला मान्सून यांचा धागा त्यांना सापडला, जो आज एल निनोच्या बातम्यांत आपण ऐकतो.

एक चांगली गोष्ट मात्र त्या चुकीतून झाली. सूर्य आणि पाऊस यांचा संबंध तपासायचा तर सूर्याची रोजची नोंद हवी, या दुष्काळानंतरच्या विचारातून कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. १९०१ पासून तिथे काम सुरू झालं. तर्क कोसळला, वही चालू राहिली. शंभराहून जास्त वर्षांचे सूर्याचे फोटो आज तिथे आहेत. १९०७ मध्ये तिथे जॉन एव्हरशेड आले, आणि त्यांच्याबरोबर पत्नी मेरी. डागातले वायू बाहेर वाहतात हा जॉन यांचा १९०९ चा शोध प्रसिद्ध आहे. मेरीबाई स्वतः जाणकार होत्या. सूर्याच्या कडेवर उठणाऱ्या ज्वालांवरचा मोठा प्रबंध दोघांच्या नावाने निघाला, आणि कोडाईकनालच्या त्या काळात त्यांनी दान्ते या इटालियन कवीच्या खगोलज्ञानावर एक पुस्तकही लिहून काढलं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर ॲनी मॉन्डर यांच्यापाशी थांबते. माझ्या वाचनात सगळ्यात जास्त रेंगाळले ते इथेच. ॲनी रसेल या आयर्लंडच्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, १८८९ मध्ये परीक्षा उत्तम पास झाल्या, पण बायकांना पदवी द्यायची तिथे पद्धत नव्हती. १८९१ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत हिशेबनीस म्हणून लागल्या. पगार महिन्याला चार पौंड. शाळेत शिकवून त्यांना याहून बरंच जास्त मिळत होतं. काम काय, तर रोज सूर्याचा फोटो घ्यायचा आणि प्रत्येक डागाची जागा आणि आकार मोजायचा. तिथे वॉल्टर मॉन्डर हे वरिष्ठ. १८९५ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि नियमाप्रमाणे ॲनींना नोकरी सोडावी लागली. लग्न झालेली बाई सरकारी नोकरीत चालत नसे.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. मलाही लग्नाआधी एका शाळेत इतिहास शिकवायची नोकरी मिळाली होती. सोड असं कुणी म्हणालं नाही. पण चालू ठेव असंही कुणी म्हणालं नाही, आणि आमच्याकडे तेवढं पुरतं.

ॲनींनी नोकरी सोडली, काम सोडलं नाही. जानेवारी १८९८ मध्ये खग्रास ग्रहण आपल्याकडून दिसणार होतं. सावलीचा पट्टा कोकणातून वऱ्हाडाकडे जाणारा. लॉकियर विजयदुर्गला उतरले, पुण्याचे नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला, आणि ॲनी नवऱ्याबरोबर वऱ्हाडात तळणीला. गर्टन कॉलेजच्या मदतीतून घेतलेला लहानसा कॅमेरा त्यांनी या कामासाठी स्वतः बेतला होता. सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला जो लांबच लांब झोत त्यांनी टिपला, तेवढा लांब झोत तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता.

मग घरी, संध्याकाळच्या वेळी, एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने कागदावर बारीक रेघा ओढायच्या, असं करत या जोडप्याने एक आलेख काढला. चक्र सुरू होताना डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून दूर दोन्ही बाजूंना दिसतात, आणि वर्षं जातील तसे मध्याकडे सरकतात. कागदावर त्याची ओळीने बसलेली फुलपाखरं होतात. आज सूर्याच्या प्रत्येक पुस्तकात हे चित्र असतं. १९०४ मध्ये छापलेल्या लेखावर नाव होतं एकट्या वॉल्टर यांचं. ॲनींचं नाव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे १८९२ मध्ये आलं तेव्हा नाकारलं गेलं होतं. बायकांना दार उघडलं १९१६ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या सभासद झाल्या.

मॉन्डर हे नाव आणखी एका कारणाने राहिलं. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच, असं जर्मनीच्या श्पोअरर यांना जुन्या वह्या चाळताना दिसलं होतं, आणि वॉल्टर मॉन्डर ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आयर्लंडच्या ॲग्नेस क्लार्क या लेखिकेने दाखवून दिलं की त्या काळात आकाशातल्या रंगीत प्रकाशाच्या नोंदीही फार थोड्या आहेत. तरी लोक मानेनात. शंका एकच, डाग नव्हते की कुणी बघत नव्हतं? १९७६ मध्ये अमेरिकेच्या जॉन एडी यांनी याचा छडा लावला. पॅरिसच्या वेधशाळेत त्या काळी माणसं चांगल्या दुर्बिणी घेऊन बघत होती. डाग दिसला की तो बातमीचा विषय होई, इतका दुर्मीळ. काहींनी वर्षाच्या शेवटी एकदाच 'डाग दिसला नाही' असं लिहिलं, त्यामुळे नेमके दिवस मोजताना आजही वाद होतात. म्हणून एडींनी झाडांनाही विचारलं. सूर्य शांत असला की अवकाशातले किरण पृथ्वीवर जास्त येतात आणि झाडांच्या वर्तुळांत एका प्रकारचा कार्बन जास्त साठतो. त्या सत्तर वर्षांच्या वर्तुळांत तो जास्त निघाला.

याच काळात युरोपात हिवाळे कडक होते, म्हणून थंडीचं सगळं खापर शांत सूर्यावर फोडतात. पण थंडी त्याच्या आधीच सुरू झाली होती, ज्वालामुखींचाही त्यात हात होता. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचा प्रकाश हजारात एखाद्या भागानेच कमी-जास्त होतो. हंटर-लॉकियरचा धडा इथेही लागू पडतो.

'न्हाई आला हे कुणी सांगायचं मग?' सासूबाईंचं ते वाक्य मला इथे पुरतं समजलं.

जपानमध्ये हिसाको कोयामा नावाच्या बाई होऊन गेल्या. शिक्षण मुलींच्या शाळेपुरतं, आणि वडिलांनी घेऊन दिलेली दुर्बीण. महायुद्धात तोक्योत दिवे बंद असायचे, तेव्हा त्या आकाश बघायच्या. १९४४ मध्ये सूर्याचं चित्र काढून एका प्राध्यापकांना पाठवलं आणि त्यांनी पाठ थोपटली. पुढे तोक्योच्या विज्ञान संग्रहालयात आधी स्वयंसेविका, मग कर्मचारी. तिथल्या दुर्बिणीने सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची आणि डाग काढायचे, तीच गॅलिलिओच्या वेळची रीत. चाळीसहून अधिक वर्षं, दहा हजारांच्या वर चित्रं. गेल्या शतकातला सगळ्यात मोठा डाग १९४७ चा, तोही त्यात आहे. चारशे वर्षांच्या मोजण्या एका मापात आणायचं काम अलीकडे झालं, तेव्हा त्यांची चित्रं त्या साखळीतली एक भक्कम कडी ठरली. का, तर तेच डोळे, तीच दुर्बीण आणि न मोडलेला नेम.

आज या सगळ्याची गरज आपल्या मोबाईलपुरती नाही. १३ मार्च १९८९ च्या सूर्यवादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ उपग्रह होते, वादळामुळे वरची हवा फुगून दाट झाली आणि त्यातले ३८ खाली येऊन जळाले. म्हणून भारतानेही २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य एल-१ पाठवलं. पंधरा लाख किलोमीटरवरून ते रात्रंदिवस सूर्याकडे बघतं. त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने बनली, आणि त्या सगळ्या मोहिमेच्या प्रमुख होत्या निगार शाजी, एक बाई. ॲनींना चार पौंडांची नोकरीही ठेवू न देणाऱ्या काळापासून इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली.

राहिलं सासूबाईंच्या कॅलेंडरचं. त्या वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून, सुतळी बांधून माळ्यावर टाकायच्या. त्या गेल्यानंतर घराची दुरुस्ती काढली, तेव्हा तीसेक वर्षांचं ते भेंडोळं मी रद्दीवाल्याला दिलं. किलोवर. बेळगावच्या आमच्या गल्लीत कुठल्या साली पाऊस कधी आला आणि मुख्य म्हणजे कधी आला नाही, ते सगळं त्यात होतं. कुणी हिशेब मागणार नाही, आणि पावसाचे आकडे सरकारकडे असतातच म्हणा. पण आमच्या अंगणातला पाऊस कुणाकडे नाही. कुलाब्याची वही उघडायला १४४ वर्षं लागली. माझ्या हातून आमची वही वीस मिनिटांत गेली.

एक कॅलेंडर तेवढं वाचलं, कणकेच्या डब्याखाली अंथरलेलं होतं म्हणून. १९८७ चं. जूनच्या पानावर तेलाचे डाग पडलेत, पण अक्षर वाचता येतं. ओळीने 'पाऊस नाही.'

त्या मे महिन्यापासून मीही लिहायला लागले आहे. दूध, पाऊस, आणि पुतण्याने आठवण केली की चष्मा लावून सूर्य. सगळे चौकोन भरले असं नाही, मधे आठवडाभर आजारी होते तेवढं कोरं आहे. काल सकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं. माझ्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा डाग नव्हता. खाली येऊन चौकोनात लिहिलं, 'पाऊस नाही. डाग नाही.' आणि भाजी चिरायला घेतली, दिवस लवकर मावळतोय आता.